यशूचा केक आणि सोमाजीभाऊंची बुक्की

केकला ओव्हन लागतो, ही ओव्हन विकणाऱ्यांनी उठवलेली आवई आहे! निदान बायकोसमोर, म्हणजे वच्छलासमोर, मी तसं छातीठोकपणे सांगितलं होतं.

प्रकरण आमच्या यशोधरेचं. पोरीला पाच वर्षं पूर्ण होणार होती. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही नवीनच राहायला आलेलो, आणि एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिनं आयुष्यात पहिल्यांदा केक कापताना पाहिला. तेव्हापासून ती रोज न्हाणीत बसून अंगाच्या साबणावर चमच्यानं सराव करायची!

"बाबा, मले केक कापाचा हाय. खायले नाई भेटला तरी चालते!"

आता सांगा, कोणत्या बापाचं काळीज जाग्यावर राहील?

"पण ओव्हन कुठी हाय आपल्याकडे?" वच्छलानं विचारलं.

"आपण रोडगे कशात भाजतो? गोवऱ्यांत! खालून निखारे, वरून निखारे. ओव्हन म्हणजे दुसरं काय असते?"

"रोडगा घट्ट कणकीचा गोळा असते जी. हे पातळ पीठ होय!"

"डब्यात टाकू. तू फक्त पाहात राह्य!"

मैदा, साखर, डालडा, अंडी, खायचा सोडा. घोटून घोटून खांदा निखळायची वेळ आली. गोल डब्याला आतून डालडा फासला, मिश्रण ओतलं, झाकण दाबलं. अंगणात गोवऱ्या पेटवल्या आणि निखारे झाल्यावर डबा मधोमध ठेवून वरूनही निखारे सारले.

धूर वर चढला, आणि तिथेच माझा घात झाला. आमच्याकडे रविवारी एखाद्याच्या अंगणातून गोवऱ्यांचा धूर निघाला, की त्याचा अर्थ एकच. आज इथे रोडग्यांचं जेवण! त्याला वेगळं आमंत्रण लागत नाही.

सगळ्यात आधी आले शेजारचे सोमाजीभाऊ. रोडग्यांतले एकदम दर्दी माणूस.

"काऊन खुशालभाऊ, एकटेच रोडगे लावून राह्यले? आमाले सांगतलं बी नाई!"

"भाऊ, रोडगे नाई हो, मी तर..."

"अन् गोवऱ्या इतल्याच? अशानं आतून कच्चे राह्यते ना!" असं म्हणत ते घरून टोपलंभर गोवऱ्या घेऊनही आले.

मागोमाग त्यांच्या केसरबाई थेट आमच्या स्वयंपाकघरात! "वच्छला, परात कुठी हाय वं? कणीक मी मळतो."

मी वच्छलाला डोळ्यांनी खुणावलं. ती कुजबुजली, "दारात आलेल्या माणसाले नाई कसं म्हणाव?"

झालं! कोणी वांगी आणली, कोणी तुरीची डाळ, कोणी सतरंजी. बघता बघता क्वार्टरांची अख्खी ओळ आमच्या अंगणात! माझ्या डब्याभोवती रोडगे खुपसले गेले, आणि मी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा डब्याशी उकिडवा बसून राहिलो.

अखेर डबा उघडला. फुगला होता हो! चांगला टम्म, बदामी! ताटलीत उलटा केला तर सबंध सुटला. मला तर नाचावंसं वाटलं! यशूला नवा फ्रॉक घालायला पिटाळलं, ताटली ओट्यावर ठेवली आणि मेणबत्ती शोधायला घरात शिरलो.

बाहेर येऊन पाहतो तर सोमाजीभाऊ बाह्या सारून परातीसमोर बसलेले. गरम रोडगा राख झटकून बुक्कीनं फोडायचा, चुरायचा आणि वर तूप-वरण घ्यायचं, अशी आमची रीत. ते काम भाऊंनी अंगावर घेतलं होतं, आणि माझी ताटली रिकामी!

"भाऊ! इथला तो गोल..."

"फोडला ना! लय नरम होता, एकाच बुक्कीत गेला!"

केसरबाईंनी तोवर परातीत वरण ओतलंसुद्धा.

तेवढ्यात यशू आली. नवा फ्रॉक, हातात सुरी. तिनं ताटलीत पाहिलं, परातीत पाहिलं, आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "बाबा, माझा केक?"

मला तर त्या वरणातच जीव द्यावा असं वाटलं!

वच्छलानं मात्र राख उकरली. तळाशी विसरलेला एक रोडगा काढला, पदरानं पुसला, तूप चोपडलं, मेणबत्ती टेकवून पोरीसमोर ठेवला. "हा घे माय. काप!"

यशूनं सुरी लावली. रोडगा ढिम्म! दोन्ही हातांनी जोर केला, तर पठ्ठ्या ताटलीतून उडाला आणि गडगडत निघाला फाटकाकडे! त्याच्यामागे मी, माझ्यामागे सोमाजीभाऊ, आणि सगळ्यांच्या मागे खिदळत यशू!

भाऊंनी त्याला पकडलं. "सुरी फेक वं बाई. मार बुक्की!"

पोरीनं डोळे मिटून मूठ हाणली. मग आणखी एक, मग आणखी. शेवटी तडकला! अख्ख्या ओळीनं टाळ्या वाजवल्या, आणि यशू अशी काही हसली की माझेच डोळे भरून आले.

जेवणं आटोपली. निघताना सोमाजीभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला मायेनं बाजूला नेलं.

"खुशालभाऊ, जेवण झकास झालं. पन एक सांगू? त्यातला एक रोडगा बिघडला होता. गोड लागत होता जी! आमी चुपचाप वरणासंगं गिळला. वच्छलाबाईले बोलू नका, इथं नव्या हायेत, शिकतीन."

"नाई बोलत, भाऊ," मी म्हटलं.