ईस्टर्न, वेस्टर्न आणि बिरादार काका

बिरादार काकांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते तो आधी उजेडासमोर धरतात आणि मग वाचतात. लग्नाची पत्रिका असो की जमियातून, म्हणजे आमच्या इथल्या सहकारी दुकानातून आलेलं सवलतीचं पत्रक असो, हात लांब होणार, कागद ट्यूबलाइटच्या दिशेने वर जाणार, एक डोळा बारीक होणार. तेवढा वेळ आजूबाजूच्यांनी गप्प बसायचं. आमच्या लेकीने बालवाडीत काढलेला हत्तीसुद्धा त्यांनी असाच तपासला होता. "हाडं मजबूत हायती," म्हणाले. लेक आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

यात त्यांचा दोष नाही. उभी हयात कुवेतच्या एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली. आता सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं, फिल्म केव्हाच बंद झाल्या, पण हाताची खोड जात नाही. माणसाच्या वरच्या कातड्यावर त्यांचा मुळीच विश्वास नाही. आमच्या मराठी मंडळाचा नवा अध्यक्ष कसा वाटतो विचारलं, तर म्हणाले, "वरून ठीक वाटायलाय. आत काय हाय ते फोटो काढल्याबिगर कसं सांगू?"

मंडळाच्या गणपतीत सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं काम त्यांच्याकडे असतं. ते समोर उभे राहून खड्या आवाजात म्हणतात, "श्वास घ्या. रोखा. हलू नका!" आणि बटण दाबल्यावर "सोडा" म्हणायचं विसरतात. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांच्या फोटोंत कुवेतमधला समस्त मराठी समाज गाल फुगवून उभा आहे. एकदा जमियात एका कुवेती आजीबाईंनी त्यांना ओळखलं. टोमॅटोच्या ढिगापलीकडून त्या बोट दाखवून ओरडल्या, "ला तितहर्रक!" म्हणजे हलू नका. कधीतरी त्यांचा गुडघा काकांनी पाहिला होता. काका टोमॅटो हातात धरून खरंच स्तब्ध उभे राहिले आणि आजीबाई पोट धरून हसल्या.

सबाह अल-सालेम या वस्तीत आमच्या समोरचाच फ्लॅट त्यांचा. काका उदगीरचे. पाणी दिसलं की आधी भरून ठेवावं ही त्या मातीची शिकवण, त्यामुळे चोवीस तास नळ वाहणाऱ्या इमारतीतही त्यांच्या न्हाणीघरात दोन ड्रम कायम काठोकाठ भरलेले. काकू मितभाषी. काका दिवसभर बोलतात आणि काकू संध्याकाळी एका वाक्यात त्याचा निकाल लावतात. एकुलता एक मुलगा संदीप. जन्म इथला, बारावीपर्यंतची शाळा इथली, आता अमेरिकेत डॅलसला. बायको, एक मुलगी, एक मुलगा. दर शनिवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ असते तेव्हा, त्याचा व्हिडिओ कॉल येतो. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायचं तंत्र काकांना जमत नाही म्हणून मला बोलावणं असतं. मीही नाक न मुरडता जाते, कारण काकूंची शेंगदाण्याची चटणी.

अशाच एका शनिवारी संदीप म्हणाला, "बाबा, मार्चमध्ये मुलांना स्प्रिंग ब्रेक आहे. यंदा तुम्ही येऊन आमच्या घरात बसून राहण्यापेक्षा सगळे मिळून कॅरिबियन क्रूझ करू. तीन मार्ग पाठवतो. ईस्टर्न, वेस्टर्न, सदर्न. कुठला ते तुम्ही ठरवायचं."

काकांवर आजवर कोणी एवढी मोठी जबाबदारी टाकली नव्हती. तिन्ही मार्गांची रंगीत पानं माझ्या प्रिंटरवर छापून झाली, माझी निळी शाई कॅरिबियन समुद्राने पिऊन टाकली. मग तपासणी सुरू झाली. पानं खिडकीच्या काचेला लावून काका तासन्‌तास उभे. आणि प्रत्येक मार्गात त्यांना काहीतरी सापडायचंच.

वेस्टर्नमध्ये जमैका होतं, कोझुमेल होतं, ग्रँड केमन होतं. पण केमनला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, दूर उभी राहते आणि छोट्या होडीतून उतरावं लागतं, हे काकांनी कुठूनतरी शोधून काढलं. "तुझ्या काकूला होडीत उतरणं जमायचं न्हाई," मला म्हणाले. "तिचे गुडघे मी बघितलेत. आतून."

ईस्टर्नमध्ये सेंट थॉमस, पोर्तो रिको. पण मध्ये काही दिवस बोट नुसतीच चालत राहणार, किनारा नाही. "दिवसभर बघायचं काय?"

"पाणी, काका."

"पाणी बघायला येवढा खर्च? आपल्या न्हाणीत दोन ड्रम हायती."

सदर्नला आधी पोर्तो रिकोपर्यंत उडत जायचं होतं. "म्हणजे बोटीत बसायला विमान, आन् त्या विमानात बसायला दुसरं विमान!" शिवाय मध्येच पाडवा येत होता. गुढी कुठे उभारायची हा प्रश्न त्यांनी संदीपला अतिशय गंभीरपणे विचारला. "बाल्कनीत उभारली तर कप्तानाला वाटंल, बोटीवर दुसऱ्या देशाचा ताबा झालाय."

संदीपचा संयम मोठा. त्याने केमन वगळलेला वेस्टर्न शोधला. काका म्हणाले, फार लवकर सुटतो. किनारे जास्त असलेला ईस्टर्न शोधला. काका म्हणाले, फार चढउतार. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हा उदगीरचा वाघ पाण्याला घाबरतोय, पण कबूल करत नाही. आम्ही दोघं खूप हसलो.

मग एका संध्याकाळी काकांनी बेल वाजवली. दारातच विचारलं, "वैशाली, आमचं वॉशिंग मशीन तुला चालंल का? चांगलं हाय. आवाज करतंय थोडा, पण धुतंय."

"तुम्ही नवीन घेताय?"

"न्हाई. आम्ही जायलोत."

दवाखान्याने यापुढे करार वाढवणार नाही असं कळवलं होतं. जूनअखेर शेवट. इथे ज्याची नोकरी संपते त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना संपतो, आणि परवाना संपला की सामान बांधायचं. तीस वर्षं राहा की चाळीस, त्यात फरक नाही. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही. तरी मी त्यांच्या खांद्यावरून समोरच्या उघड्या दाराकडे बघितलं.

"संदीप काय म्हणाला?" मी विचारलं.

"त्याला सांगितलं न्हाई. तूपण सांगायचं न्हाई."

मी त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. बराच वेळ ते वॉशिंग मशीनबद्दलच बोलत राहिले, पाण्याचा पाइप कसा लावायचा वगैरे. मग एकदम म्हणाले, "जायच्या आधी एकदा पोरं घरी यावीत, येवढंच हाय माझं. संदीप ह्या घरात रांगलाय. त्याच्या पोरांनी हे घर बघितलं न्हाई. दरवेळी आम्हीच तिकडं जातो."

"मग सांगा की त्याला! उद्याच्या विमानाने येईल तो."

"येईल. त्याच्यासाठीच सांगायचं न्हाई. सांगितलं तर तो निरोपाला येईल, वैशाली. घरी येणार न्हाई. मला तो घरी यायला पाहिजे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. केमनची होडी, पाडव्याची गुढी, काकूंचे गुडघे, सगळं. "म्हणून तुम्ही प्रत्येक क्रूझमध्ये खोट काढताय?"

काका शाळकरी पोरासारखे खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, एकपण पसंत न्हाई पडली तर म्हणंल, जाऊ द्या बाबा, आम्हीच येतो तिकडं."

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "काका, तुमचं आयुष्य माणसांच्या आत बघण्यात गेलं म्हणून बाकीच्यांनाही आतलं दिसतं असं नाही. तोंडाने बोलावं लागतं." ते हसले, पाइपचं तेवढं लक्षात ठेव म्हणाले आणि गेले.

पुढच्या शनिवारी मी चटणीसाठी गेले नाही. श्वास रोखून गेले, असंच म्हणायला हवं. संदीप घाईत होता. क्रूझमधल्या चांगल्या खोल्या संपत आल्या होत्या, आज ठरवायलाच हवं होतं. नातवंडं मागे सोफ्यावर उड्या मारत होती. काकू फोनच्या मागे भाजी निवडत बसल्या होत्या.

काकांनी घसा खाकरला. "संदीप, म्हणजे मी काय म्हणतो, समुद्र तर आपल्या हितंपण हाय की."

त्यांनी हे इतक्या सहज म्हणायचा प्रयत्न केला की त्यांचा आवाज चिरकला. काकूंचा हात भाजीवर थांबला.

संदीप हसला. त्याच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायला हवं. गुणी मुलगा आहे. म्हणाला, "आहे ना, बाबा. पण कुवेतमध्ये पोरांना काय दाखवणार? मॉल? मॉल तर इथेही आहेत."

"बरोबर हाय," काका पटकन म्हणाले. "मॉलच की."

"आजोबा, जस्ट पिक वन!" नात मागून ओरडली. "प्लीज!"

मी तोंड उघडलं. शप्पथ सांगते, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. काकांनी माझ्याकडे न बघता टेबलाखाली तळवा आडवा धरला. हलू नका.

"ईस्टर्न," काका म्हणाले. "ईस्टर्न कर."

"शुअर ना बाबा? ते पाण्याचे दिवस?"

"पाणी बघू की. पाण्यात काय वाईट हाय."

तिकडे पोरांनी एकच कल्ला केला. काका त्यांच्याकडे बघत हसत होते, फोन बंद झाला तरी तसेच हसत होते. काकूंनी भाजीची परात उचलली आणि त्या दिवसाचं आपलं एक वाक्य उच्चारलं, "जेवून घ्या आता."

मार्चमध्ये दोघं गेले आणि आले. काकांचं नाक उन्हाने सोललेलं, काकूंच्या गुडघ्यांनी कुठेही दगा दिला नव्हता. पाडव्याला काकूंनी खोलीच्या बाल्कनीत साडीची घडी आणि स्टीलचा पेला लावून गुढी उभारली होती, कप्तानाने हरकत घेतली नाही. मला रंगीत शंखांची माळ आणली. मी ती कधीही घालणार नाही आणि कधीही टाकणार नाही.

ज्या दिवशी वॉशिंग मशीन ढकलत आमच्याकडे आणलं, त्या दिवशी काकांनी आधी पाइप लावून ते नीट बसवलं. मग कपाळ पुसत मशीनला टेकून उभे राहिले. मी चेष्टेने विचारलं, "काय, आवडलं का शेवटी पाणी?"

"एक दिवस संध्याकाळी संदीप आन् मी वर कठड्याशी उभे होतो," काका म्हणाले. "चहूकडं पाणी. पोरं पलीकडं खेळायली होती. तर तो म्हणाला, बाबा, आपण शुक्रवारी किनाऱ्यावर जायचो, आई दशम्या बांधून घ्यायची, तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचात आन् मला म्हणायचात, हलू नको. सगळं सांगायला लागला. मलाच आठवत नव्हतं येवढं. मग म्हणाला, पुढच्या स्प्रिंग ब्रेकला क्रूझ नको. आम्हीच घरी येतो. पोरांना आपलं घर दाखवायचंय."

मी हातातला ओला फडका मशीनवर ठेवला. "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, ये की. कधीपण ये."

"काका! तिथेच सांगायचं ना, पुढच्या वर्षी हे घर नाही म्हणून!"

"कसं सांगू? त्याला आपणहून वाटलं, वैशाली. कुणी न सांगता. मला तेच पाहिजे होतं." त्यांनी मशीनवरून हात फिरवला. "जरा उशिरा वाटलं, येवढंच. त्या वेळी त्याचं तोंड असं दिसायलं होतं की मला त्याचं मन मोडवलं न्हाई. उदगीरला गेलो की सांगीन."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काका मात्र मशीनचं झाकण उघडून आत बघत राहिले, तिथे काही नव्हतं तरी.

"तू पुढच्या मार्चमध्ये हितंच हाईस ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग संदीप आला तर त्याला चहा पाज. समोरचं दार दाखव, बाहेरून. आत कुणी दुसरं राहत असंल."

"तुम्ही दोघं नसताना तो इथे कशाला येईल, काका?"

"त्याचं गाव हाय की हे," काका म्हणाले. "माणूस गावाला एकदा तरी येतंच."

मी डोळे पुसले आणि विचारलं, चहात साखर किती घेतो.

"जरा जास्तच लागते त्याला," काका म्हणाले. "आन् बिस्किटं खातोस का, असं विचारू नको. विचारलं की नको म्हणतो. नुसती समोर ठेव, खातो."