सीधं नका पाहू

महाजनकाका कुणाशीही बोलताना त्याच्या कानाकडे पाहतात. पहिल्यांदा ते माझ्याशी असे बोलले, तेव्हा मी घरी जाऊन आरशात कान तपासला होता. केळीवाला तर त्यांना भाव सांगताना चाचरतो. आपलं खोटं पकडलं गेलं, असं त्याला वाटतं.

काका नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात आमच्या शेजारी आले, ते पायाला भिंगरी आणि सोबत दुर्बीण घेऊन. संध्याकाळ झाली की हा गृहस्थ बेचैन. दुर्बीण गच्चीवर, गच्चीवरून तापीच्या राजघाटावर, तिथले दिवे नडले की परत गच्चीवर. गल्लीतल्या दिव्यावर त्यांनी एकदा खताची गोणीही चढवली होती. लाइट गेली की सगळी गल्ली वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडते, काका मात्र घरात लग्न ठरल्यासारखे खूश.

बरं, पाहायचं काय, तर ग्रहीय तेजोमेघ. हे नाव त्यांनी चहाच्या टपरीवर उच्चारलं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ग्रह म्हटल्यावर लोक पत्रिका घेऊन दारात. समोरच्या चौधरीबाई मुलाचा मंगळ दाखवायला आल्या. काकांनी त्यांच्या कानाला समजावलं, की यात ग्रहाचा काही संबंध नाही. म्हातारा तारा विझता विझता अंगावरचा वायू सोडतो, जुन्या लोकांना तो दुर्बिणीतून ग्रहासारखा गोल दिसला, म्हणून हे नाव पडलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग शांती कधी करू?"

मी एकदा चंद्र दाखवा म्हटलं, तर खेकसलेच. त्यांना हंस नावाच्या तारकासमूहातला एक तेजोमेघ हवा होता, आणि तोही हंस मावळायच्या आत. तो त्यांना आपल्या बायकोला, सुमनकाकूंना दाखवायचा होता. काकूंच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या, आणि त्यांचीही हमी डॉक्टर देत नव्हते. धड माणूस ओळखू न येणाऱ्या बाईला आकाशातलं धुकं दाखवायचं, हे मला खूळच वाटायचं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी लाइट गेली. काकूंना जिना चढवायला काकांनी मला हाक मारली. वर गेल्यावर आधी मलाच दुर्बिणीला लावलं. मला एक तारा दिसला, बस.

"सीधं नका पाहू. जरा बाजूले पाहा."

बाजूला पाहिलं तर ताऱ्याभोवती गोल धुकं उमटलं. पुन्हा सरळ पाहिलं, गेलं.

मग काकूंनी डोळा लावला. काका मागे चुळबुळत उभे.

"गोल हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "धुईवानी. तुमाले पन असंच दिसतं?"

"सगळ्यायले असंच दिसतं. सीधं पाहून हे कोणालेच दिसत नाही."

काकू काकांकडे वळल्या, म्हणजे त्यांच्या कानाकडे. चेहरा त्यांना तसाच दिसतो. काकाही काकूंच्या कानाकडे पाहत होते. लोक हसले तर दोघांना हसतील, एकट्या काकूंना नाही, असं या माणसानं कधीच ठरवून टाकलं होतं. मला ते आत्ता कळलं.

तेवढ्यात लाइट आली. खाली गल्ली ओरडली. काका जागचे हलले नाहीत.