ग्यानबाकाकांची दुर्बीण

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. विज्ञानाचा मास्तर आहे मी! शेलूबाजारात कोणालाही विचारा, प्रसेनजित सर फक्त दोघांना भितात, मुख्याध्यापकांना आणि बायकोला, पल्लवीला!

म्हणूनच परवा भल्या पहाटे शृंगी घुबड बघायला मी एकटाच टेकडीवर निघालो. एकटा म्हणजे, सोबत भुऱ्या होता. हा कुत्रा शेजारच्या ग्यानबाकाकांचा. दिवाळीआधी काका वारले, मागे बायको चंपाकाकू एकट्या राहिल्या आणि तो आमच्या ओट्यावर येऊन राहिला. गळ्यातली दुर्बीणही काकांचीच. चार दिवसांसाठी मागून आणली होती, दोन वर्षांपूर्वी!

"चंपाकाकूले देऊन टाका ना ते दुर्बीण," पल्लवी दारातून म्हणाली.

"घुबड दिसलं की देतो!"

अर्ध्या चढावर धुकं असं दाटलं की मला माझेच बूट दिसेनात. एक पाखरू बोलेना. भुऱ्या थबकला, कान टवकारून उभा राहिला. आणि वरून आवाज आला.

"ए! ठेव खाली! पाह्यलं म्या तुले!"

ग्यानबाकाका! तोच खर्जातला, तंबाखूनं बसलेला आवाज!

"का... काका, देनारच होतो!"

नुसतं पानांवरून दव टपकत होतं. मिनिटभरानं पुन्हा, "ए! ठेव खाली!"

ठेवली! दगडावर, पट्टा नीट गुंडाळून ठेवली. हात जोडले. "काचेवर ओरखडा हाय काका, पन तो माह्याकडून नाही... माह्याकडूनच पडला!"

"पाह्यलं म्या तुले!"

तेवढ्यात भुऱ्या कुंईकुंई करत, शेपूट हलवत थेट त्या आवाजाकडे सुटला आणि धुक्यात दिसेनासा झाला. घरी पळावं तर कुत्रा जातो, वर जावं तर मी! पण काकांचं ते मुकं जनावर सोडवेना. गेलो.

वर तुरीच्या वावरात बांबूला भोंगा बांधलेला. खाली भुऱ्या, मान वर करून त्याच्याकडे बघत बसलेला. शेजारी चंपाकाकू.

"तूर चोरनाऱ्यायसाठी त्यायनंच आवाज भरून ठेवला होता," काकू म्हणाल्या. "यंदा म्या रोह्यायसाठी लावला."

रोही म्हणजे रात्री वावरात शिरणाऱ्या नीलगायी. मी घाम पुसला. "मंग, भेतात काय रोही?"

"कायले भेतात! पयल्याच रात्री समजले ते. भोंग्याखाली उभे राहून तूर खातात." काकूंनी पदर तोंडाला लावला. "त्याले जबाब देनारा तूच पयला, बाप्पा!"