गळक्या झाकणाच्या माफीनाम्याची बखर

ज्या मोहिमेत रक्ताचा थेंब सांडला नाही, पाणी मात्र सांडले, त्या मोहिमेची ही हकीकत. हल्लीच्या लोकांस माफी मागणे म्हणजे एका बोटाने कळ दाबण्याचे काम वाटते. पूर्वी ते तसे नव्हते, हे पुढिलांस कळावे म्हणोन स्मरणास साक्षी ठेवून लिहिली आहे. चित्त देऊन वाचावी.

ते समयी दफ्तरात टेलिफोन एकच होता आणि त्यास दोरी होती. कागद टंकयंत्रावर उमटत. कारखान्यात शाळकरी मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या होत, आणि लोकांची पत्रे वाचणे, त्यांस उत्तरे देणे, रुसलेल्यांस समजावणे या कामी थोरल्या बाई जनसंपर्काच्या गादीवर तीस वर्षे नामजाद होत्या. गादी म्हणजे जिन्याखालची खोली. उभे राहिले की डोके लागे, म्हणोन सारा कारभार बसूनच करणे भाग. निवृत्तीस एकवीस दिवस उरले होते. तीस वर्षांत बाईंनी दिलेला शब्द खाली पडला नव्हता. हीच त्यांची जहागीर, दुसरी नाही.

ऐशात एके शुक्रवारी सकाळी टेलिफोन खणखणला आणि समोरच्या रस्त्यावरील शाळेच्या मास्तरीणबाई बोलत्या जाहल्या, की तुमची नवी निळी बाटली दप्तरात आडवी होताच गळते, वर्गातील अकरा मुलांच्या वह्या भिजल्या, पत्र धाडून बारा दिवस जाहले, उत्तर नाही, आणि आज साडेपाचला पालकांची सभा आहे. येथवर आवाज करडा होता. मग तो एकाएकी खाली आला.

"मी पोरांनाच ओरडले हो, झाकण नीट लावत नाही म्हणून. एक तर रडली. आता सांगू काय?"

बाईंच्या काळजास ते लागले आणि त्या बोलून गेल्या, "पाचच्या आत मालकांच्या सहीचं उत्तर तुमच्या हातात देते. माझा शब्द."

शब्द गेला, आणि मग बाईंस आठवले की आपण कोणत्या दफ्तरात बसतो.

त्या दफ्तराचा रिवाज ऐसा, की कोणताही खलिता चार मानकऱ्यांच्या लेखणीखालून गेल्याविना बाहेर पडू नये. आलेली पत्रेही याच वाटेने फिरत, म्हणोन मास्तरीणबाईंचे पत्र बाईंपर्यंत अजून पोचलेच नव्हते. वकीलसाहेबांची शाई तांबडी, विक्रीसाहेबांची निळी, झाकणे घडविणाऱ्या यंत्रसाहेबांची जांभळी आणि खासा मालकांची हिरवी. कागदावर काही न लिहिता तो पुढे धाडणे हे आळसाचे लक्षण समजले जाई. म्हणोन दरेक मानकरी दरेक कागदावर काहीतरी लिहीच. एकदा कचेरीस सुटी असल्याची चिठ्ठी इतकी सुधारली गेली की सारे त्या दिवशी कामावर आले.

बाईंनी खलिता रचिला, तो तीन ओळींचा. "आमच्या बाटलीचे झाकण गळते. चूक आमची आहे, मुलांची नाही. सोमवारी दुपारी नवी झाकणे आणि कोऱ्या वह्या घेऊन आम्ही स्वतः शाळेत येतो." काय झाले, कोणाचे चुकले, आणि आता कधी काय करणार, याउपर माफीनाम्यात चौथे काही घातले की तो माफीनामा राहत नाही, ऐसा बाईंचा तीस वर्षांचा अनुभव. टंकलेखिकाताईंनी कागद यंत्रातून ओढून दिला आणि म्हणाल्या, "बाई, तीन ओळींना तीन मिनिटं. आता सह्यांना तीन ऋतू."

मग कागद मोहिमेवर निघाला. वकीलसाहेबांनी 'चूक' या शब्दावर तांबडी तलवार चालवून 'कथित गैरसोय' ऐसा बदल फर्माविला. विक्रीसाहेबांनी समासात नव्या गुलाबी बाटलीची तारीफ भरली. यंत्रसाहेबांनी झाकण लावण्याची सहा कलमी रीत जांभळ्या शाईने मागे-पुढे लिहिली. मालकांनी हिरव्या शाईने 'पाणी हेच जीवन' ऐसे माथ्यावर घातले. साडेतीन वाजता कागद परतला तेव्हा त्याचा अर्थ इतकाच उरला होता, की पाणी भरपूर प्यावे आणि गुलाबी बाटली घ्यावी. मुलांचा मजकुरात मागमूस नव्हता.

बाईंनी चष्मा पुसला, कपाटातील निळी बाटली काढिली, नळावर काठोकाठ भरली आणि जिना चढून थेट मालकांच्या दरबारी दाखल जाहल्या. तेथे चारी मानकरी चहास बसले होते. बाईंनी रंगीत कागद मेजावर ठेविला आणि अर्ज केला, की यात माफी कोठे आहे ती हुजुरांनी बोट ठेवून दाखवावी. हुजुरांनी बोट फिरवून पाहिले. ते कोठेच टेकेना.

"झाकण गळतच नाही, तर माफी कसली?" यंत्रसाहेब उसळले. "दोन वेढे पुढे, अर्धा मागे, मग दाबायचं. इतकं सोपं आहे!"

"साहेब, सात वर्षांची मुलं आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना अजून बुटाची नाडी येत नाही. पण तुम्हाला येतं ना? तुम्हीच लावून द्या."

यंत्रसाहेबांनी अस्तन्या सारून झाकण आवळिले, दोन वेढे पुढे, अर्धा मागे, वर एक ठोसा. बाईंनी बाटली घेतली आणि दप्तरात पडते तैशी आडवी ठेविली. ती नेमकी त्या कागदावर ठेविली, हा योगायोग की मसलत, याविषयी ही बखर मौन धरिते.

मग पाचांनी मिळून बाटलीकडे पाहिले. प्रथम काही न जाहले आणि यंत्रसाहेबांच्या मुखावर तेज चढले. मग झाकणाच्या कडेस एक थेंब आला, आणि दुसरा, आणि मग धार लागली. तांबडी शाई फुटली, निळी वाहिली, जांभळीची सहा कलमे एकमेकांत मिसळली, आणि 'पाणी हेच जीवन' पाण्यासच मिळाले. टंकयंत्राच्या फितीचा काळा ठसा मात्र पाण्यास बधला नाही. रंगांचा पूर ओसरला तो ओल्या कागदावर तीन ओळी जैशा तैशा उभ्या.

यंत्रसाहेब झाकण काढून आत बोट फिरवीत हळूच म्हणाले, "वॉशर पातळ पडलाय."

मालकांनी कागद दोन बोटांनी उचलिला, तीन ओळी वाचल्या आणि हुकूम दिला, की जे उरले तेच पाठवावे. ताईंनी कोऱ्या कागदावर तीच तीन मिनिटे खर्चिली. सही करितेसमयी हिरवी लेखणी सवयीने माथ्याकडे वळली. बाईंनी नुसते "साहेब" म्हटले, आणि लेखणी खाली येऊन मुकाट सही करिती जाहली.

पाचास दहा मिनिटे कमी असता बाई स्वतः रस्ता ओलांडून शाळेत गेल्या. सभेत मास्तरीणबाईंनी पत्र मोठ्याने वाचिले. दुसरी ओळ वाचून त्या थांबल्या, पहिल्या बाकावर आईच्या मांडीस टेकून बसलेल्या एका मुलीकडे पाहिले, आणि ती ओळ पुन्हा वाचिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि शब्द राहिला. ओला कागद ताईंनी खिडकीशी वाळवून दफ्तरी ठेविला. नोंदीसाठी तो वकीलसाहेबांकडे गेला, तेव्हा रिवाजास अनुसरून त्यांनी त्यावर तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला: "वाचले."