उनाची खुर्ची

त्या वर्षी हवामानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला हवामान स्वतः हजर राहिले. कोळीवाड्यातर्फे पाऊस, वारा, सर आणि ऊन असे चौघे गेले. त्यांना सांभाळून न्यायला हौसाबाई तांडेल होत्या.

परिषदेने नवा नियम केला होता. निम्म्या खुर्च्या बायकांच्या, नाहीतर सगळ्यांनी घरी जायचे. नियम चांगलाच होता. आजवर सर पिशव्या उचलून मागे उभी राहायची आणि भाषण पाऊस ठोकायचा.

दारात मराठी पाहुण्यांच्या नोंदणीच्या टेबलाशी दातीर साहेब बसले होते.

"पाऊस, पुरुष. वारा, पुरुष. सर, बाई. आणि हे कोण?"

"ते ऊन," हौसाबाई म्हणाल्या.

"ते? म्हणजे कुणी वडीलधारे गृहस्थ?"

"गृहस्थ कसले! ते मूल म्हणतो ना आपण, तसं ते ऊन."

"लहान मुलांना प्रवेश नाही, बाई."

ऊन रुसले. व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसले. "खुर्ची मिळाल्याशिवाय मी गावी परतणार नाही," म्हणाले.

गावी बांबूच्या वलांडीवर सगळ्या कोळीवाड्याचे बोंबील वाळायला टांगलेले होते. सूनबाईचा फोन आलाच. "आई, बोंबील अजून ओलेच. आता समुद्रात टाकावे लागतील."

"साडी नेसवा त्याला," वारा हसला.

"तू गप रे!" हौसाबाई म्हणाल्या. "झुळुकीला घरी भांडी घासायला ठेवून आलास, आणि वर तोंड करून बोलतोस?"

मग त्या उनाजवळ बसल्या. "चल रे बाळा. साहेबांनी हाक मारली की नीट ओ दे. लाजू नकोस."

दातीरांनी शेवटची हाक मारली, "ऊन?"

"मी आले," खिडकीतून ऊन म्हणाले.

दातीरांचे पेन थांबले. "आले? आलो नाही?"

"मी कशाला आलो म्हणू?"

"मग आधी नाही का सांगायचं, बाई!" त्यांनी "ऊन, बाई" असे लिहिले आणि उठून खुर्ची पुढे ओढली.

त्या दिवशी पहिले भाषण सरीने केले. थोडे बोलली, थांबली, पुन्हा बोलली. पाऊस चहा आणायला उठला. चहात पाणी जरा जास्त झाले, पण सगळ्यांनी तो कौतुकाने प्यायला.

सभा संपल्यावर ऊन सगळ्यांच्या आधी गावी पोचले.

"आई, ऊन पडलं!" सूनबाई फोनवर ओरडली.

"पडलं नको म्हणू गो," हौसाबाई म्हणाल्या. "पडली म्हण. नोंद झालीय."

तेव्हापासून त्या बंदरावर ऊन पडली असेच म्हणतात. बोंबील कडकडीत वाळतात.