आई बसल्या की सरळ

"गाडी आता खाली करा लागते," मनोहररावांनी चहाचा कप ठेवत जाहीर केलं, आणि नलूनं गाळणी कपावर धरायच्या ऐवजी बशीवर धरली.

"खाली म्हणजे? विकायची?"

"विकाची कायले? खाली. बुटकी. आईच्या गुडघ्याले पुरंल अशी."

कारण आदल्या दिवशीचं होतं. देवळी गावातल्याच एका लग्नाहून निघताना त्यांच्या आईचा, आनंदाबाईंचा, एक पाय फियाटमध्ये गेला आणि दुसरा काही केल्या येईना. पुढे होईना, मागे होईना. वरपक्षाकडचे चौघे धावले. दोघे आतून ओढत होते, दोघे बाहेरून ढकलत होते. बँडवाल्यांनी तर भल्या मनानं वाजवणंच थांबवलं, त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही तिकडे गेलं. घरी आल्यावर आनंदाबाई पाट ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी हाय का माडी हाय ते? आता ते खाली येईन तवाच मी तिच्यात बसीन."

मनोहरराव बी-बियाण्यांच्या दुकानात सगळ्या पंचक्रोशीला सल्ला देत, पण आईचं वाक्य त्यांच्यासाठी शेवटचं असे. नलूचं तसं नव्हतं. तर्कशास्त्र घेऊन ती बी.ए. झाली होती, आणि लग्नानंतर त्या तर्कशास्त्राचा उपयोग एवढाच उरला होता की कुठल्याही गोष्टीतून सगळ्यात वाईट काय होऊ शकतं, ते तिला सगळ्यांच्या आधी दिसे. कोकिळा झाल्यापासून तर ते जास्तच दिसायला लागलं. स्टोव्हची पिन, विहिरीचं झाकण, पोरीच्या झबल्याचं बटण, सगळ्यांवर तिची रोज एकदा तरी नजर फिरे. ती चंद्रभान मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत मुद्दाम गेली.

"पुढच्या स्प्रिंगाचे दोन-दोन वेटोळे कापून टाकतो," चंद्रभान म्हणाला. "मागच्या कमानीतला एक-एक पाटा काढतो. गाडी अशी बसंल वयनी, जशी म्हैस पान्यात!"

"आणि कापलेली स्प्रिंग परत जोडता येते का?"

चंद्रभाननं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "जोडाची कायले?"

गाडी बसली. आनंदाबाई चुलीसमोरच्या पाटावर बसाव्यात तशा पुढच्या सीटवर टेकल्या आणि पाय आत ओढून घेतले. गल्लीनं पाहिलं. "आता कशी मानसाची गाडी झाली," त्या म्हणाल्या. उतरताना मात्र त्यांना दोन्ही हातांनी दाराची चौकट धरावी लागली आणि नलूला पाठीमागून रेटावं लागलं. आनंदाबाईंनी ते नलूच्या नावावर टाकलं. "तुले जोर नाई व. खाऊन राह्य काही."

दोन महिने असे गेले. मे उजाडला आणि आष्टीहून निरोप आला, नलूच्या धाकट्या भावाचं लग्न जमलं, साक्षगंध ठरलं. आणि तो निरोप ऐकून आनंदाबाई आपणहून म्हणाल्या, "मी नाई येत बापा. एवढ्या दूर माह्ये गुडघे धरून बसतीन. तुमी जा. चार रोज राह्यजो."

नलूनं खाली मान घालून "बरं" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याला धरून उभी राहिली. चार दिवस! सासूशिवाय! पोरगी झाल्यावर ती सासरी आली, त्यानंतर माहेराचं तोंड पाहिलं नव्हतं. दुपारी पाय वर घेऊन लोळायचं, आईशी मोठ्यानं बोलायचं, पोरीला कुणीतरी दुसऱ्यानं सांभाळायचं. एस.टी.नं जायचा प्रश्न नव्हता. कोकिळा एस.टी.त वर्ध्यापर्यंत दोनदा ओकायची आणि आर्वीपर्यंत किती वेळा, ते मोजायचं धाडस कुणी केलं नव्हतं. तेव्हा गाडीनं जायचं. एवढं सगळं सुख सरळ चालून आलंय म्हटल्यावर नलूला काळजी वाटायला लागली.

ती काळजी तिला गाडीखाली सापडली. कोकिळाचा चेंडू घरंगळत गेला म्हणून नलू ओणवी झाली, आणि चेंडू हातात घेऊन तशीच थांबली.

"अहो, इकडे या. खाली वाका."

"काऊन? नवे तर दिसून राह्यले टायर."

"बाहेरून दिसतात. आतून बघा."

मनोहरराव वाकले. टायरची बाहेरची नक्षी जशीच्या तशी होती. आतली कड मात्र घासून गुळगुळीत झाली होती, आणि पुढच्या डाव्या टायरला तर जुन्या चादरीला दिसावेत तसे धागे दिसत होते. नलूनं उठून गाडीकडे समोरून पाहिलं. आतापर्यंत रोज पाहिलं, पण दिसलं नव्हतं. चाकांची डोकी आत झुकलेली आणि पाय बाहेर फाकलेले. सगळा भार आतल्या कडेवर.

"ह्या टायरवर मी माझ्या पोरीला घेऊन आष्टीला जाणार होते," ती म्हणाली आणि ओट्यावर बसली.

चंद्रभाननं नवे टायर चढवले, सुतळी बांधली, एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, चाकांमागे पत्र्याचे पातळ तुकडे घातले आणि हात पुसत म्हणाला, "अलायमेंट एकदम फस क्लास. आता टायर तुमच्या नातवाले पुरंल." खरंच, गॅरेजमध्ये गाडी शाळेच्या कवायतीतल्या पोरासारखी ताठ उभी होती.

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. नलू रोज सकाळी सडा टाकून झाला की आतल्या कडेवरून बोट फिरवी. आनंदाबाईंच्या देवळाच्या दोन-तीन चकरा झाल्या आणि आतले केस गेले. बाहेरचे तसेच.

त्या संध्याकाळी आनंदाबाई देवळात निघाल्या तेव्हा ती पायरीवर उभी राहिली आणि आरतीकडे पाहावं तसं चाकाकडे पाहत राहिली. गाडी ताठ उभी होती. आनंदाबाई टेकल्या. गाडीनं 'हूं' केलं, आणि डाव्या चाकानं निमूटपणे पाय फाकवले.

"अहो," रात्रीची भांडी आवरताना ती हळूच म्हणाली, "मिस्त्रीनं रिकाम्या गाडीची अलाइनमेंट केली."

"मंग?"

"गाडी रिकामी नसते ना."

"म्हंजे?"

"डावीकडे पुढे... कोणी बसलं, की बिघडते."

मनोहररावांनी पुढच्या सीटवर डावीकडे कोण बसतं याचा विचार केला आणि दार लावून घेतलं. "हळू बोल. आयकंन ते."

पण चंद्रभानला हळू बोलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो अंगणातूनच ओरडला, "मंग सोप्पं हाय! आईले गाडीत बसवूनच अलायमेंट करू!"

नलूनं डोळे मिटले. आता सासू विचारणार, माझ्यानं काय बिघडलं? मग आठवडाभर अबोला, मग साक्षगंधही गेलं. पण आनंदाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "माह्यावाचून व्हत नाई का ते?"

"नाई ना आई."

"मंग असं म्हना की!"

मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, आनंदाबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन गाडीत बसल्या. चंद्रभान खाली, त्या वर. नलू कोकिळाला कडेवर घेऊन पंख्यानं वारा घालत होती. बाजाराच्या वाटेनं जाणारी माणसं थांबून विचारपूस करत होती.

"काय आनंदाबाई, गाडी बंद पडली का?"

"बंद नाई. माह्यावर माप घेऊन राह्यले."

"आई, हलू नका," गाडीखालून आवाज आला.

"अरे, चिवडा तरी खाऊ का नको?"

"खा. पन डब्बा मांडीवर मधात ठेवा. डावीकडे झुकता मंग सुतळी सरकते."

शेवटी सुतळी सरकेनाशी झाली. चाकं आनंदाबाईंसकट ताठ. गावाबाहेर चक्कर मारली तर मनोहररावांनी स्टिअरिंग नुसतं बोटानं धरलं. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. नलूला मागच्या सीटवर बसून वाटलं, देव आहे.

आनंदाबाईंना घरी उतरवलं आणि नवरा-बायको तसेच पुढे-मागे बसून पेट्रोल भरायला निघाले, तोच गाडी डावीकडे वळली. मनोहररावांनी सरळ केली. पुन्हा डावीकडे. पुढे एक म्हैस उभी होती. मनोहरराव उजवीकडे ओढत होते आणि गाडी तिच्याकडे ओढ घेत होती. म्हैसच शहाणी, ती बाजूला झाली.

"बराबर हाय," गाडी परत गॅरेजमध्ये आणल्यावर चंद्रभान शांतपणे म्हणाला. "आईची जागा आता रिकामी हाय ना. त्या बसल्या का सरळ."

"आणि नाही बसल्या तर?"

"तर डावीकडे."

"मग पुन्हा रिकाम्या गाडीची करा."

"करतो. मंग त्या बसल्या का टायर खाईन."

तर्कशास्त्राच्या पेपरात नलूला असा प्रश्न आला होता. दोन्ही बाजूंनी अडकवणारा. तेव्हा तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. आत्ता तिला रडू आलं. साक्षगंध परवावर होतं. उपाय मनोहररावांना सुचला, कारण ते दुकानदार होते.

"पोतं ठेवू. तुरीचं. आईएवढं."

"आईएवढं म्हणजे किती? वजन कसं कळणार? काट्यावर बसा म्हणणार आहात त्यांना?"

मनोहरराव डोळे बारीक करून आईच्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिले. आयुष्यभर नजरेनं माल तोलला होता. "एक भरलेलं पोतं," ते कुजबुजले, "आन वरतून एक पायली."

निघायच्या सकाळी पोतं पुढच्या सीटवर बसलं. ते घरंगळू नये म्हणून नलूनं त्याला दोरीनं बांधलं, आणि तुरीची धूळ पोरीच्या नाकात जाऊ नये म्हणून त्यावर आनंदाबाईंचंच जुनं हिरवं लुगडं पांघरलं. गाडी सरळ चालत होती. मनोहररावांनी चौकापर्यंत नेऊन पाहिली. आता फक्त पाया पडायचं, कोकिळाला मागे ठेवायचं आणि सुटायचं.

आनंदाबाई दह्याची वाटी घेऊन बाहेर आल्या. नलूच्या हातावर दही घातलं, मनोहररावांच्या हातावर घातलं. मग त्यांची नजर काचेतून आत गेली.

"हे कोन व माह्या जाग्यावर?"

मनोहरराव टायरला लाथ मारून हवा पाहू लागले. नलूच्या कडेवरून कोकिळानं हात लांब केला, खिडकीतून हिरव्या लुगड्यावर दोनदा थोपटलं आणि लख्ख आवाजात म्हणाली, "आजी!"

आजवर तिला हा शब्द कधी नीट म्हणता आला नव्हता.

नलूला धरणी दिसत होती, पण ती दुभंगत नव्हती. आनंदाबाईंनी दह्याची वाटी ओट्यावर ठेवली, लुगडं ओढलं आणि पोतं उघडं पडलेलं पाहिलं. एकदा पोत्याकडे, एकदा स्वतःकडे पाहिलं.

"तूर हाय का?"

"हो आई."

"मंग बरं. मले वाटलं, सरकी भरली." त्या वळल्या. "पोतं उतरव, मनोहर. नलू, माह्यी थैली भर. पोत्याले का समजते साक्षगंधातलं?"

आष्टीपर्यंत गाडी एक सूतभरही हलली नाही. मागच्या सीटवर नलू मांडीवर पोरगी घेऊन बसली होती, आणि समोर सासूचा अंबाडा क्षितिजासारखा स्थिर होता. पाय वर घेऊन लोळणं गेलं. मोठ्यानं बोलणं गेलं. चार दिवस डोक्यावर पदर घेऊन माहेरी पाहुण्यासारखं वावरायचं, आणि आईनं केलेल्या भाजीत मीठ कमी आहे हे दोन्हीकडून ऐकायचं. रस्ता सरळ होता, गाडी सरळ होती. वाकडं काही असलं तर तिचं नशीब.

साक्षगंध पार पडलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी नलूला ओसरीवर विचित्र दृश्य दिसलं. आनंदाबाई पाय पसरून बसल्या होत्या आणि नलूची आई कौशल्याबाई त्यांच्या गुडघ्याला कोमट तेल चोळत होत्या. दोघी खिदळत होत्या. विषय नलू हाच असावा, कारण ती दिसताच गप्प झाल्या.

"नलू, तुह्या मायच्या हातात जादू हाय," आनंदाबाई म्हणाल्या. "गुडघा पाह्य, कसा वाकून राह्यला! मी तं पंधरा रोज इथीसाच राह्यतो म्हंतो. तू पोरीले घेऊन जा मनोहरसंगं."

मनोहररावांचा चेहरा पडला. मिरगाच्या आधी पंधरा दिवस दुकान बंद ठेवणं म्हणजे बियाणं कपाटात उगवायचं.

"आई, गाडी? तू नसली तं ते डावीकडे..."

"मंग गाडी राहू दे. तू एस.टी.नं जा."

नलूच्या डोक्यातलं तर्कशास्त्र पहिल्यांदाच चांगल्या दिशेनं धावलं. सासू राहणार, म्हणून गाडी राहणार. कोकिळा एस.टी.त ओकते. म्हणजे... तिनं पदरात तोंड लपवून विचारलं, "मग मी कशी जाऊ?"

"तू काऊन जातं? राह्य. दुपारी पाय लांब करून झोपत जाय जराशी. चेहरा पाह्य कसा झाला." आणि त्या पुन्हा कौशल्याबाईंकडे वळल्या, कारण त्यांचं बोलणं अर्धवट राहिलं होतं.

संध्याकाळी सगळे मनोहररावांना स्टँडवर सोडायला गेले. आनंदाबाई पायीच आल्या, कुणाचा हात न धरता. एस.टी.ला टेकू दिल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या. मनोहररावांनी पायरीवर एक पाय ठेवला.

"आन हे पाह्य बापू," त्या म्हणाल्या, "आता गुडघे वाकून राह्यले माह्ये. चंद्रभानले म्हन, गाडी पयलेसारखी उंच कर. बसलं का विहिरीत उतरल्यावानी वाटते, आन निंघता निंघत नाई."

मनोहररावांचा एक पाय एस.टी.त होता आणि एक आष्टीच्या मातीत. तो वर येईना की खाली जाईना. नलूला चंद्रभानचा चेहरा आठवला. जोडाची कायले?

कंडक्टरनं घंटी वाजवली आणि डोकं बाहेर काढलं. "ओ भाऊ, आत या नाई तं बाहेर राह्या. लावा कोनी धक्का मागून!"

मागे नलूच उभी होती. तिनं कोकिळाला आईच्या हातात दिलं, पदर खोचला आणि नवऱ्याच्या पाठीला असा जोर लावला, की आनंदाबाई कौशल्याबाईंना म्हणाल्या, "पाहा! दोन रोजात कशी तगडी झाली माहेरी."