तलावात चालणार नाही

माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. त्यासाठी पाणी लागतंच असं नाही. जिना, गच्ची, पार्किंग आणि कुंड्या ठेवण्याची जागा यांवर लोकांनी आजवर भागवलं आहेच. पण एका वसाहतीने पोहण्याचा तलाव बांधला आणि हे काम निळ्या फरशा लावून, रीतसर करण्याची सोय झाली.

तलाव उघडला त्या दिवशी जो तो पाण्यात उतरला. पोरं किंचाळली. बायका उथळ भागात उभ्या राहून गप्पा मारू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ उताणे पडून तरंगत राहिले आणि त्यांचं पोट सर्वांच्या मधोमध वर आलं. थोडक्यात, सगळे मजेत होते. अशी परिस्थिती फार दिवस राहू देणं कुठल्याही वसाहतीला शोभत नाही. म्हणून तलाव शिस्त समिती नेमण्यात आली आणि प्रमुखपदी काकांची एकमताने निवड झाली. (बाकी कोणाला वेळ नव्हता.)

काकांनी सगळी नोकरी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून केली होती. बाकांच्या रांगांमधून चालायचं आणि कोण कोणाचं बघतंय ते बघायचं, हे काम त्यांनी इतकं मन लावून केलं, की निवृत्तीनंतरही लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्याच्या पानाकडे बघणाऱ्यांवर डोळे वटारत. त्यांना पोहता येत नव्हतं. पाणी घोट्याच्या वर आलं की घेरी यायची. ही गोष्ट निवडीच्या आड आली नाही. ज्याला पोहता येतं तो पोहणाऱ्यांची बाजू घेण्याचा धोका असतो.

काकांनी गळ्यात शिट्टी अडकवली आणि आपला अनुभव तलावाला अर्पण केला. पोहणाऱ्यांनी एक आड एक अंतर ठेवावं, आपसात बोलू नये, शेजाऱ्याच्या हातापायांकडे पाहू नये, असं ठरलं. दोन जावा शेजारीशेजारी अगदी सारखेच हात मारताना आढळल्या, तेव्हा काकांनी त्यांतल्या धाकटीला उठवून कोपऱ्यात पाठवलं. "शेवटची दहा मिनिटं!" हे ते अशा आवाजात पुकारत, की पट्टीचे पोहणारेही गटांगळ्या खात.

तरीही सगळे नियम काकांनीच केले असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. वसाहतीत लोकशाही होती. प्रत्येक कुटुंबाला फक्त एकच नियम हवा होता, आणि तो अर्थातच दुसऱ्यासाठी. चौथ्या मजल्यावरच्या वकीलबाईंना पोरांच्या किंचाळण्यावर बंदी हवी होती. (त्यांची पोरं किंचाळून मोठी झाली होती.) पोरांच्या आईबापांना भाऊंच्या तरंगण्यावर बंदी हवी होती. भाऊंना उथळ भागातल्या गप्पांवर हवी होती, कारण त्या फिरून फिरून त्यांच्या पोटावर येत. गप्पा मारणाऱ्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या केसांचा त्रास होता, म्हणून टोपी सक्तीची झाली. दंतवैद्यांनी पाण्यात उतरण्याआधी शॉवर सक्तीचा करून घेतला. जी माणसं तोंडाची निगा राखत नाहीत ती बाकीच्याची काय राखणार, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सर्वांचं सगळं मान्य झालं. वसाहतीत इतकं समाधान पूर्वी कधी नांदलं नव्हतं.

या सगळ्यावर कळस चढवला तो काकांच्या स्वतःच्या नियमाने. "तलावाचा वापर केवळ पोहण्यासाठी करावा," असं वाक्य त्यांनी लिहिलं आणि मग, पळवाट नको म्हणून, व्याख्याही दिली. "पोहणे म्हणजे दोन्ही पाय तळाला न टेकता पुढे सरकणे." व्याख्या गोळीसारखी लागू पडली. उभ्याने गप्पा मारणारे बाहेर आले. भाऊंचे पाय टेकत नव्हते, पण ते पुढेही सरकत नव्हते; सबब तेही आले. पाठीवर पोहणारे सरकत होते, पण ते ज्या दिशेला जात त्याला पुढे म्हणावं की मागे, यावर उपसमिती नेमली गेली आणि निकाल लागेपर्यंत त्यांनाही काठावर बसवण्यात आलं. (पुढे काठावर बसण्यालाही बंदी आली.) राहता राहिले ते उथळ भागात इकडून तिकडे चालणारे. त्यांच्यासाठी काकांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'तलावात चालणे चालणार नाही.' हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं. जाता-येता ते पाटी वाचत आणि मान डोलावत.

आणि नेमका त्याच सुमाराला काकूंचा गुडघा गेला.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "छातीभर पाण्यात रोज चाला. पाण्यात वजन लागत नाही, गुडघा सुटेल. नाही चाललात तर आधी काठी येईल आणि मग चाकाची खुर्ची." काकूंना हायसं वाटलं. घराखालीच तलाव आहे, आणि प्रमुख तर घरातच!

दुसऱ्या दिवशी काकूंनी शॉवर घेतला, टोपी चढवली आणि कठडा धरून त्या पायऱ्या उतरल्या. पाणी छातीशी आलं तसा गुडघ्यातला ठणका थांबला. त्यांनी काठावर फेरी मारणाऱ्या काकांकडे बघितलं आणि त्या हसल्या. असं हसू काकांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना मनापासून आनंद झाला. मग काकूंनी एक पाऊल टाकलं आणि शिट्टी वाजली.

ती आपणच वाजवली, हे काकांना वाजल्यावर कळलं.

"अहो, मी आहे," काकू म्हणाल्या.

"सभासद, आपण चालताय."

"मग? डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय."

"चालणार नाही."

"इथे नाही चालले, तर पुढे कुठेच चालणार नाही मी."

"तसं नव्हे गं... तसं नव्हे, सभासद. चालणं चालणार नाही. पाटी वाचा."

"ती शिट्टी काढा आधी तोंडातून," काकू म्हणाल्या. "आणि घरी या. मग सांगते काय चालतं ते."

त्या कठड्याला लोंबकळत, प्रत्येक पायरीवर थांबत वर आल्या. काका तेवढा वेळ खोल भागाची पाहणी करत राहिले. तिथे कोणीही नव्हतं.

काकांना वाईट वाटलं. अगदी पोटातून वाईट वाटलं. घरात काकू "आई गं" म्हणत खुर्चीतून उठायच्या, तेव्हा ते वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे आणि एकच ओळ परत परत वाचायचे. अखेर त्यांनी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. नियमात 'वैद्यकीय चालणे' असा अपवाद घातला. त्याला मंजुरी प्रमुखांनी द्यायची होती. पण प्रमुखांनी नातेवाइकांच्या बाबतीत निर्णय घेऊ नये, हाही नियम होता. (तोही काकांचाच. भाचा परीक्षेला बसला की ते हॉल सोडून बाहेर व्हरांड्यात उभे राहायचे.) तेव्हा विषय सर्वसाधारण सभेपुढे गेला.

सभेत काका गुडघ्याबद्दल बोलले. सभा हेलावली.

"काकूंबद्दल प्रश्नच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण आज गुडघा आला, उद्या कोपर येईल."

"वहिनी चालल्या तर मी तरंगलो म्हणून काय बिघडलं?" भाऊंनी विचारलं.

"माणुसकी आपल्या जागी आहे," दंतवैद्य म्हणाले. ती जागा कुठली, हे त्यांनी सांगितलं नाही.

अपवादाच्या विरोधात हात वर झाले. काकांनी सवयीने ते मोजले. काकूंच्या गुडघ्याला शुभेच्छा देणारा ठराव मात्र एकमताने संमत झाला. काकांवर एकट्यावर भार पडू नये म्हणून 'सजग सभासद' योजनाही त्याच सभेत मंजूर झाली आणि प्रत्येक बाल्कनीला एकेक शिट्टी देण्यात आली.

त्यानंतर तलावाला सुवर्णकाळ आला. नियमपालनाचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं, कारण पाण्यात कोणी उतरतच नव्हतं. तळाच्या फरशांमधल्या रेघा वरच्या मजल्यावरून दिसत. शेजारच्या वसाहतींतले लोक बघायला येत आणि बाकांवर बसू नका असं ऐकून परत जात. चेअरमननी वार्षिक अहवालात अभिमानाने लिहिलं, की या वर्षी तलावात एकही माणूस बुडाला नाही. (आदल्या वर्षीही बुडाला नव्हता, पण तेव्हा इतक्या खात्रीने लिहिता आलं नसतं.)

एका दुपारी काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. काकू ओटा आणि टेबल यांच्या मध्ये उभ्या होत्या, हातात भरलेला पेला घेऊन. त्या पुढे जात नव्हत्या आणि मागेही येत नव्हत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी हाकही मारली नव्हती. हाक मारून उपयोग काय, हे त्यांना सभेनंतर कळलं होतं. काकांनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"खाली."

लिफ्टने उतरून दोघं सरळ तलावाच्या पायऱ्यांपाशी गेले. काकांनी गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली आणि काकूंचा हात धरून अंगावरच्या शर्टपँटीनिशी ते पाण्यात उतरले. घोटे बुडाले आणि घेरी आली. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. हात कोणी कोणाचा धरलाय हे आता सांगता आलं नसतं. पाणी छातीशी आलं तेव्हा चारही पाय तळाला घट्ट टेकलेले होते.

"चालेल ना?" काकूंनी विचारलं.

"चालेल," काका म्हणाले.

काकूंनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. गुडघा कुरकुरला नाही. काका त्यांच्या शेजारून, डोळे मिटून, लहान मुलासारखे चालत राहिले आणि नोकरीत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. ते हसले.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून शिट्टी वाजली. मग चौथ्यावरून. मग दंतवैद्यांची, मग दोन्ही जावांची, अगदी सारखीच. बघता बघता सगळ्या बाल्कन्या शिट्ट्या वाजवू लागल्या, आणि काकांनी जुन्या सवयीने डोळे उघडून मागे वळून पाहिलं, की कोण सापडलं.

इथे तुम्हाला काकूंची दया आली असेल आणि त्या बाल्कन्यांचा संतापही आला असेल. तुम्ही सहृदय माणूस आहात, यात शंका नाही. पण काका शॉवर न घेता, टोपी न घालता पाण्यात उतरले, हे तुमच्या लक्षात आलं होतं ना?

आलं असेल, तर तुमचा मजला कळवा. एक शिट्टी शिल्लक आहे.